आउरिस म्हणा, ओरिकला नको

एका वाचक मुलीचा प्रश्न आहे. फ्रेंचमध्ये एम.ए. झालंय, स्पॅनिश बऱ्यापैकी येते, आणि रोमान्स भाषांच्या, म्हणजे लॅटिनपासून निघालेल्या भाषांच्या, इतिहासावर पीएच.डी. करायची इच्छा आहे. घरचे म्हणतात, लॅटिनपासून फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन झाल्या हे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं, त्यात आता शोधायचं काय उरलंय? आणि उरलं असेलच तर ते तिकडचे लोक शोधतील, पुण्यात बसून तू काय दिवे लावणार?

गेली वीसेक वर्षं माझी रोजीरोटी याच कामावर चालली आहे, तेव्हा उत्तर थोडं लांबेल.

आधी ते ‘लॅटिनपासून झाल्या’ प्रकरण पाहू. सिसेरो या जुन्या रोमन लेखकाच्या लॅटिनमध्ये ‘शकणे’ या अर्थाचं क्रियापद आहे पोस्से. इटालियनमध्ये त्याला पोतेरे म्हणतात, स्पॅनिशमध्ये पोदेर, रोमानियनमध्ये पुतेआ, फ्रेंचमध्ये पुव्वार. ही चारही भावंडं पोस्सेची असणं शक्य नाही. त्यांना ‘पोतेरे’सारखी कुणी आई लागते, आणि सिसेरोच्या पानांत ती सापडत नाही. म्हणजे आपण शिकतो ती पुस्तकी लॅटिन या भाषांची फार तर मावशी. आई बाजारात, छावणीत, गोठ्यात बोलली जायची. लिहायला बसलं की लोक मावशीसारखं लिहायचा प्रयत्न करायचे. तो प्रयत्न जिथे फसला, तिथे आईचा आवाज ऐकू येतो. आमचा सगळा धंदा या फसलेल्या जागांवर चालतो.

आपल्या शाळेच्या व्याकरणात ‘शुद्ध-अशुद्ध’चा तक्ता असायचा ना, ‘पाणी’ म्हणा, ‘पानी’ नको? तसाच एक तक्ता लॅटिनचाही उरला आहे. इटलीतल्या बॉब्बिओच्या मठातलं, साधारण इ.स. 700 च्या सुमाराचं एक हस्तलिखित आज नेपल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. प्रोबुस नावाच्या व्याकरणकाराच्या नावावर चालणाऱ्या मजकुराला जोडून ही यादी येते, म्हणून तिला ‘प्रोबुसची पुरवणी’ म्हणतात. एकूण 227 जोड्या. ‘स्पेकुलुम म्हणा, स्पेक्लुम नको’, ‘कालिदा म्हणा, काल्दा नको’, ‘आउरिस म्हणा, ओरिकला नको’. आउरिस म्हणजे कान. आता इटालियन ओरेक्किया, स्पॅनिश ओरेखा, पोर्तुगीज ओरेल्या, फ्रेंच ओरेय, रोमानियन उरेके, सगळे कान त्या ‘नको’वाल्या शब्दाचे! ‘वेतुलुस (म्हातारा) म्हणा, वेक्लुस नको’ याचीही तीच कथा: व्हेक्यो, व्हिएखो, व्हेल्यो, व्हिएय, वेक्य. मास्तर जे चूक म्हणून खोडत होते, ते पोरांच्या पोरांनी बरोबर ठरवलं. मुळात ही यादी कधी केली यावर अजून एकमत नाही. कुणी तिसऱ्या-चौथ्या शतकात नेतात, कुणी पार सहाव्यात. हा फरक किरकोळ नाही. तारीख पुढे-मागे सरकली की ध्वनिबदलाचं सगळं वेळापत्रक सरकतं.

इ.स. 79 मध्ये राखेखाली गेलेल्या पाँपेईच्या एका भिंतीवर कुणा प्रेमवीरानं खरडून ठेवलंय: ‘क्विस्क्विस आमा वालिया, पेरिया क्वी नोशी आमारे’. जो प्रेम करतो त्याचं भलं होवो, ज्याला करता येत नाही तो मरो. व्याकरणाप्रमाणे आमात, वालेआत, पेरेआत हवं होतं. शेवटचा ‘त’ त्यानं गाळला, कारण त्याच्या कानाला तो येतच नव्हता. म्हणजे रोमन साम्राज्य भरात असतानाच काही लोकांच्या तोंडातून हा ‘त’ गळायला लागला होता.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण आठव्या शतकातल्या ‘राइखेनाउ शब्दटिपां’मधलं आहे. बायबल वाचताना जे लॅटिन शब्द लोकांना कळेनासे झाले, त्यांना सोपे शब्द दिलेली ही यादी. तिथे यकृताचा जुना शब्द ‘इएकुर’ (टिपेत ‘इएकोरे’) याच्यापुढे लिहिलंय ‘फिकातो’. रोमन लोक जनावराला अंजीर खाऊ घालून पोसायचे आणि त्याचं यकृत चवीनं खायचे. त्या पदार्थाचं नाव ‘अंजीर-भरलं यकृत’. पुढे यकृत शब्द उडाला आणि अंजीर तेवढं राहिलं. फ्रेंच फ्वा, इटालियन फेगातो, स्पॅनिश इगादो, सगळ्यांच्या पोटात ते अंजीर आहे.

आता तुमच्या ‘काय उरलंय’ याचं खरं उत्तर. लॅटिन संपून रोमान्स भाषा सुरू कधी झाल्या, हा प्रश्न अजून भांडणाचा आहे. जुनं उत्तर असं होतं: पाचव्या-सहाव्या शतकात बोली वेगळ्या झाल्या, आणि तेव्हापासून शिकलेली माणसं दोन भाषा वापरत होती, लिहायला लॅटिन आणि बोलायला रोमान्स. 1982 मध्ये रॉजर राइट या इंग्रज अभ्यासकानं हे उलटं केलं. त्यांचं म्हणणं, तेव्हा दोन भाषा नव्हत्याच. एकच भाषा होती, जिचं लेखन जुनाट आणि उच्चार ताजा होता. लिहिलेलं लॅटिन दिसायचं, पण वाचणारा ते आपल्या गावच्या उच्चारानंच वाचायचा, आणि ऐकणाऱ्याला कळायचं.

मराठी माणसाला हे पटवायला वेळ लागू नये. माझ्या आजोबांच्या पत्रांत ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘तें’ असायचं आणि ते ‘काही’, ‘नाही’, ‘ते’ असंच वाचायचे. 1962 च्या नियमांनी ती टिंबं काढली म्हणून मराठी नवी भाषा झाली असं कुणी म्हणालं नाही. किंवा ‘ज्ञान’ घ्या. लिहितो ज आणि ञ, म्हणतो ‘द्न्यान’, आणि आपण काही चुकीचं वाचतोय असं कुणाच्या मनातही येत नाही. उद्या परक्या मुलखातून एखादे आचार्य आले, ज्यांची मातृभाषा मराठी नाही, जे पोथीवरून अक्षर-अक्षर शिकलेत, आणि त्यांनी फर्मान काढलं की प्रत्येक अक्षर लिहिल्याबरहुकूम उच्चारायचं, तर? पहिल्याच कीर्तनाला लोक एकमेकांची तोंडं बघत बसतील.

राइटच्या मते नेमकं हेच झालं. फ्रँक राजा शार्लमेनच्या दरबारात आलेला विद्वान आल्कुइन हा इंग्लंडमधल्या यॉर्कचा. त्याची मातृभाषा इंग्रजी, म्हणजे लॅटिन त्याला परकी, पुस्तकातून शिकलेली. 796 मध्ये तो तूरच्या मठाचा प्रमुख झाला आणि 804 मध्ये वारला. चर्चमधलं वाचन शुद्ध, एकसारखं व्हावं ही तेव्हाची मोहीम. आणि 813 मध्ये त्याच तूर गावी धर्मसभा भरते आणि ठराव करते की प्रवचनं ‘रुस्तिका रोमाना लिंगुआ’त, म्हणजे गावंढळ रोमन बोलीत, किंवा जर्मनिक बोलीत करावीत, म्हणजे सगळ्यांना सोपं जाईल. लोकांना एकाएकी लॅटिन कळेनाशी का झाली? लोक तिथेच होते, व्यासपीठावरचा उच्चार बदलला होता. पुढे 14 फेब्रुवारी 842 ला स्ट्रासबुर्गला शार्लमेनच्या दोन नातवांनी एकमेकांच्या सैन्यासमोर शपथा घेतल्या आणि निथार्ड या इतिहासकारानं त्या त्या-त्या बोलीत लिहून ठेवल्या. ‘प्रो देओ आमुर’नं सुरू होणारा तो रोमान्स मजकूर म्हणजे फ्रेंचचा पहिला दस्तऐवज मानतात. राइटच्या हिशेबानं हे नव्या भाषेचं बारसं नाही. जुन्याच भाषेला नवी लेखनपद्धत मिळाली, एवढंच.

मला राइटचं म्हणणं तीनचतुर्थांश पटतं. उरलेला चतुर्थांश असा, की उच्चार कितीही गावरान केला तरी लॅटिनची कर्मणी रूपं आणि गुंडाळलेली वाक्यरचना सातव्या शतकातल्या शेतकऱ्याला कशी कळत असेल? यावर मिशेल बानियारसारख्या फ्रेंच अभ्यासकांनी बरंच काम केलंय, प्रत्येक प्रदेशात समजुतीचा धागा वेगवेगळ्या वेळी तुटला असं ते मांडतात. तुमच्या प्रबंधाला इथे भरपूर जागा आहे.

हे काम प्रत्यक्षात कसं दिसतं ते एका चिठोऱ्यावरून सांगतो. स्पेनमधल्या लेओनच्या कॅथेड्रलमध्ये 959 सालचं एक दानपत्र आहे. त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर 974 ते 980 च्या दरम्यान मठाच्या कोठाराच्या कारभाऱ्यानं चीजचा हिशेब खरडला आहे. ‘नोदिसिया दे केसोस’, चीजची नोंद. सान हुस्तोजवळच्या द्राक्षमळ्यात मठवासी राबले तेव्हा पाच. मठाधिपतींच्या मळ्यात दोन. ‘ओगानो’ लावलेल्या मळ्यात चार. आणि पुढे कुठेतरी, राजा आला तेव्हा खर्ची पडली ती चार. किराणा दुकानाची वही म्हणा हवं तर. हा माणूस लॅटिन लिहायला बसला नव्हता. त्याला फक्त चीज कुठे किती उडालं ते लक्षात ठेवायचं होतं. म्हणून तो पोसुएरुन्त न लिहिता पुसेरोन लिहितो, हॉक आन्नो (यंदा) न लिहिता ओगानो लिहितो, आणि राजापुढे ‘ल्यो’ हे उपपद लावतो, जे लॅटिनमध्ये नसतंच. सनदेच्या पुढच्या बाजूला थाटामाटाचं लॅटिन, मागच्या बाजूला चीज. एकाच कातड्याच्या दोन बाजूंना आमचा अख्खा विषय आहे.

हा स्पॅनिशचा पहिला नमुना की सान मियानच्या मठातल्या टिपा पहिल्या, यावर तिकडे प्रांताप्रांतांत चुरस चालते. श्रवणबेळगोळ की अक्षी, हा वाद ऐकून मोठे झालेल्या माणसाला ते घरच्यासारखंच वाटतं. भाषेला पहिला दिवस नसतो, पण पर्यटन खात्याला तो लागतो.

एक स्वतःचीच फजिती. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी एका दहाव्या शतकातल्या सनदेची नक्कल करून दाखवली. लेखनिकाच्या विभक्त्या सगळ्या घसरलेल्या. मी त्या नकळत सुधारत गेलो, हात संस्कृतच्या तालमीत तयार झालेला. मार्गदर्शक बाईंनी मूळ छायाचित्र शेजारी ठेवलं, पाच मिनिटं काही बोलल्या नाहीत, आणि मग जे म्हणाल्या त्याचा मराठी मथितार्थ असा: पीक कापून फेकलंस आणि धसकटं घेऊन आलास. तेव्हापासून मी आधी चूक उतरवतो, मग ती समजून घेतो.

आता फक्त कागदावर हा विषय चालत नाही. झ्यूल झिलिएराँ यांनी फ्रान्सचा भाषिक नकाशासंग्रह काढला तेव्हा एडमाँ एडमाँ नावाचा, मूळचा किराणा दुकानदार पण कान विलक्षण तीक्ष्ण असलेला माणूस 1897 ते 1901 या काळात 639 गावं पालथी घालून आला. त्या नकाशांतलं नैऋत्य फ्रान्समधल्या गॅस्कनीचं कोंबडं प्रसिद्ध आहे. तिथल्या बोलीत लॅटिनच्या शब्दाखेरच्या ‘ल्ल’चा ‘त’ होतो. म्हणजे कोंबडा ‘गाल्लुस’ आणि मांजर ‘कात्तुस’ दोघंही ‘गात’ होऊन बसणार. मग तिथल्या शेतकऱ्यांनी कोंबड्याला तितर-फेजंट जातीच्या पक्ष्याचं नाव दिलं, काही ठिकाणी तर ‘व्हिकार’ म्हणजे पाद्रीबाबांचा हुद्दाच चिकटवला. मजा ही, की ही पर्यायी नावं जिथवर पसरली आहेत ती सीमा ‘ल्ल’चा ‘त’ होण्याच्या सीमेशी जवळजवळ तंतोतंत जुळते. पुढे मात्र झिलिएराँपंथीयांना जिथे-तिथे अशा टकरी दिसू लागल्या, आणि ते मला मान्य नाही. आपण दुकानात ‘पाव किलो पाव’ मागतो आणि दुकानदार गोंधळत नाही.

पाववरून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, पुण्यात बसून काय करणार.

लॅटिन ‘क्लावेम’ म्हणजे किल्ली. इटालियन कियावे, फ्रेंच क्ले, स्पॅनिश यावे, रोमानियन केये, पोर्तुगीज ‘शाव्ह’. ‘भरलेला’ आणि ‘ज्वाळा’ या शब्दांतही शब्दारंभीचे प्ल आणि फ्ल स्पॅनिशमध्ये ‘य’कडे आणि पोर्तुगीजमध्ये ‘श’कडे वळतात, इतक्या शिस्तीत, की कुणी नियम घालून दिलाय असं वाटावं. पण आजच्या लिस्बनमध्ये जो ‘शाव्ह’ आहे, तो आपल्याकडे ‘चावी’ कसा आला? ‘शावी’ का नाही? कारण आपल्या किनाऱ्यावर तो शब्द उतरला तेव्हा उतरवणाऱ्यांच्या तोंडात तो ‘च’च होता. पोर्तुगालच्या प्रमाण बोलीत या ‘च’चा ‘श’ नंतर झाला, आणि उत्तर पोर्तुगालच्या खेड्यांत तो ‘च’ अजून टिकून आहे. गोव्यातल्या रोमी कोंकणीत आजही श लिहायला ‘एक्स’ वापरतात आणि च लिहायला ‘सी-एच’. शीत, म्हणजे भात, ‘एक्स’नं सुरू होतो. ही पद्धत मिशनऱ्यांनी बसवली तेव्हा त्यांच्या कानाला ही दोन अक्षरं वेगळी होती. आज लिस्बनचा माणूस दोन्ही ‘श’ वाचतो. म्हणजे पोर्तुगीजच्या इतिहासातला एक दाखला आपल्या कडी-कुलपात आणि म्हापशाच्या खानावळीत पडून आहे.

तसंच पाव. लॅटिन ‘पानेम’, जुन्या पोर्तुगीजमधला ‘पान’, मग पंधराव्या शतकाच्या सुमारास नाकातला ‘आंव’. लिलावही तसाच, जरी लिलावाचा मूळ शब्द अरबी असला तरी. दोन्हींना शेपूट सारखं, ‘आव’. याउलट पगार. लॅटिन ‘पाकारे’ म्हणजे शांत करणे, पोर्तुगीजमध्ये तोच ‘पागार’ म्हणजे पैसे चुकते करणे. रोमानियन ‘इम्पका’मध्ये मात्र समेट करण्याचा जुना अर्थ शाबूत आहे. महिन्याच्या सात तारखेला घरात जी शांतता होते ती व्युत्पत्तीला धरून आहे. घमेलं, परात, तुरुंग, मेस्त्री यांच्याही मागे अशाच वाटा आहेत.

या वाटेवर आपला एक पूर्वसुरी आहे, तो विसरला जातो म्हणून मुद्दाम सांगतो. गोव्यातल्या आसगावात 1855 मध्ये जन्मलेले मोन्सेन्योर सेबास्तियाँव रोदोल्फो दालगाद. 1893 मध्ये कोंकणी-पोर्तुगीज कोश, मग गोवा, दमण आणि मुंबईकडच्या इंडो-पोर्तुगीज बोलींवर पुस्तिका, आणि 1919 ते 1921 मध्ये दोन खंडांचा आशियाई-पोर्तुगीज शब्दकोश. त्यांच्या आधी ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये बसून हुगो शूखार्टनं पत्रव्यवहारावर दीव, मंगळूर, कोचीनच्या बोली अभ्यासल्या होत्या. दालगादांना त्यासाठी पत्र टाकावं लागत नव्हतं.

आणि कोर्लई. अलिबागच्या दक्षिणेला रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, किल्ल्याच्या पायथ्याशी हजारभर लोक आजही पोर्तुगीजपासून झालेली क्रेओल, म्हणजे भाषांच्या संपर्कातून घडलेली मिश्र भाषा, घरात बोलतात. ते तिला ‘नौ लिंग’ म्हणतात, आपली भाषा. पोर्तुगीज हा प्रदेश सोडून गेले ते 1740 मध्ये, भाषा राहिली. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी तिच्यावर 1996 मध्ये पुस्तक लिहिलं. शब्द लॅटिनच्या वंशाचे, पण क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटाकडे सरकलेलं. अशी भाषा एसटीनं जाता येईल इतक्या अंतरावर असताना ‘तिकडचे लोक शोधतील’ म्हणणाऱ्यांना काय सांगावं! मात्र जाताना तुओने उदाइना लक्षात ठेवा. एड्रियाटिकमधल्या क्रक बेटावरचा हा म्हातारा डाल्मेशियन नावाच्या रोमान्स भाषेचा शेवटचा बोलणारा. 1897 मध्ये मात्तेओ बार्तोली त्याच्याकडे पोचला तेव्हा त्याला नीट ऐकू येत नव्हतं, दात पडले होते, आणि वीसेक वर्षं ती भाषा त्यानं बोललीच नव्हती. लहानपणी मोठी माणसं पोरांना कळू नये म्हणून ती बोलायची, तेव्हा ऐकून शिकलेला. 1898 च्या जूनमध्ये सुरुंगाच्या स्फोटात तो गेला. आज त्या भाषेबद्दल जे माहीत आहे त्यातलं बरंचसं त्या बिनदाताच्या तोंडातून आलंय. कोर्लईत आज पोरंसुद्धा बोलतात, रेकॉर्डर आत्ताच न्या, आणि रेकॉर्ड केलेलं त्यांनाही द्या.

आता तयारीचं. लॅटिन शिकावीच लागेल, आणि व्याकरणातली नव्हे तर सनदांतली. जर्मन वाचता यायलाच हवी. हे ऐकून सगळ्यांचे चेहरे पडतात, पण या शास्त्राचा पाया 1836 मध्ये फ्रीडरिख दीत्सनं बॉनमध्ये जर्मनमध्ये घातला, मायर-ल्युबकेचा व्युत्पत्तिकोश जर्मनमध्ये आहे, आणि पंचवीस खंडांचा फ्रेंच व्युत्पत्तिकोशसुद्धा जर्मनमध्येच सुरू झाला. सध्याचा जिवंत वाद बघायचा तर 2008 पासून नान्सी आणि सारब्र्युकेन इथून चाललेला रोमान्स व्युत्पत्तिकोशाचा प्रकल्प बघा. ते लॅटिन पुस्तकं बाजूला ठेवून फक्त लेकी-नातींवरून आईची पुनर्रचना करतात. इतकं लॅटिन हाताशी असताना तारांकित शब्द, म्हणजे कागदावर न सापडलेले, तर्कानं उभे केलेले शब्द कशाला, असं अनेकांना वाटतं. मला दोन्ही हवं असतं. पोतेरे पुनर्रचनेनं मिळतो, पण चीज कुणी खाल्लं ते कागदच सांगतो.

विषय मात्र माझ्या मते तुम्ही वेगळाच घ्यावा. पोर्तुगीज शब्द मराठीत कधी, कुठून, कोणत्या उच्चारानं आले याचं कागदावर तारीख लावून काम फार थोडं झालंय. एकीकडे पणजीच्या पुराभिलेखागारातली पोर्तुगीज कागदपत्रं, ‘मान्सूनच्या वह्या’, म्हणजे लिस्बन आणि गोव्यातला सरकारी पत्रव्यवहार, धरून. दुसरीकडे 1737 ते 1739 च्या वसई मोहिमेतला मराठी पत्रव्यवहार. पोर्तुगीज वाचणाऱ्यांना मोडी येत नाही, मोडीवाल्यांना पोर्तुगीज. छापील निवडींमध्ये लेखन सुधारलेलं असण्याची शक्यता धरून चाला आणि शक्य तिथे मूळ कागद उघडा. तुम्हाला फ्रेंच-स्पॅनिश येते, पोर्तुगीज सहा महिन्यांत वाचता येईल. मोडीचा वर्ग लावा, आणि सुरुवातीला एकच शब्द धरा. मी तुमच्या जागी असतो तर तुरुंग धरला असता: पोर्तुगीजमधला त्रोंको, लॅटिनमधला त्रुंकुस, म्हणजे कैद्याचे पाय अडकवायचा ओंडका. त्याचा ‘क’ कोणत्या कागदापर्यंत ‘क’ आहे आणि कोणत्या कागदात ‘ग’ झालाय, तेवढं शोधून मला कळवा.